समुद्राचे सांधे

शुक्रवारी जुबैलच्या आमच्या कॅम्पात
दहापर्यंत कुणी उठत नाही.
मी उठतो. एसीखालची बादली मोरीत उपडी करतो
आणि मुनाफचा कॉम्प्युटर लावतो.

मुनाफ श्रीवर्धनला गेला, कायमचा.
गुडघ्यांनी राजीनामा दिला म्हणाला.
जाताना कुकर, जाड रजई
आणि हे खोकं मला देऊन गेला.
खोक्यात एकच खेळ. गलबत हाकायचं,
इथून खजूर न्यायचा, तिथून साखर आणायची.
वीसेक वर्षांचा जुना असेल;
समुद्र चौकोनी फरश्यांचा,
किनारे करवतीने कापलेले,
आणि शिडाची तिरकी कड म्हणजे चक्क जिना.

म्हटलं, जरा गुळगुळीत करू.
सेटिंगमध्ये दुप्पट होतं, चौपट होतं, आठपट होतं.
हावरटासारखं आठपट लावलं.
शीड झालं नव्या ताटाच्या काठासारखं
आणि समुद्रभर उगवल्या काळ्या रेघा.

केसाएवढ्या. फरशी-फरशीच्या मधून.
गलबत हललं की लुकलुकायच्या,
थांबलं की तिथेच, माझ्याकडे बघत.

माझं पोट कशावर चालतं ते सांगायला हवं.
मी पाइपांच्या सांध्यांचे एक्स-रे वाचतो.
अंधारी खोली, उजेडाची पेटी, फिल्ममागून फिल्म.
ठिपका म्हणजे अडकलेली हवा,
ती मोजून चालवून घेता येते.
बारीक काळी रेघ चालत नाही.
मी लाल पेन्सिलीने गोल काढतो
आणि कुणीतरी भर उन्हात, परातीवर उभा राहून,
माझ्या आईबापांचा उद्धार करत
तो सांधा पुन्हा खरवडतो.

तो समुद्र माझ्याच्याने पास होईना.

चौपट केलं: रेघा फिकटल्या, गेल्या नाहीत.
जुना ड्रायव्हर घातला: बंदरांची नावं
दुधात बुडवल्यासारखी.
चित्र अर्ध्या ठिपक्याने डावीकडे सरकवलं:
समुद्र साफ,
रेघा आभाळात.

वरच्या पलंगावरून यादगिरी,
करीमनगरचा, क्रेन चालवतो, म्हणाला,
"भाई, तू खेळतोस कधी?"

तिसऱ्या शुक्रवारी जेवणानंतर डोक्यात आलं.
गुळगुळीत करायचं म्हणजे
प्रत्येक ठिपक्याने शेजारच्याला रंग विचारायचा
आणि मधला कुठला तरी घ्यायचा.
मधोमध बसलेल्यांना शेजारी असतातच.
कडेचा ठिपका विचारायला जातो
तर पलीकडे फरशी संपलेली, नुसतं रितेपण.
आणि रितेपणाला एकच रंग येतो.

मग एकेक फरशी उघडली.
तिच्या चारी कडांना तिचीच शेवटची ओळ
पुन्हा एकदा, बाहेरून लावली,
दिसणार नाही अशी, फक्त विचारलं तर उत्तरापुरती.
दोनशे बारा फरश्या.
चार शुक्रवार, आणि रमजानमधल्या
काही लवकर सुटलेल्या दुपारी.
दीपगृहापाशी एक फरशी उलटी लागली होती,
तिच्यात दोन रात्री गेल्या.

समुद्र जुळला.
एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत डोळा फिरवला
लाल पेन्सिल हातात धरल्यासारखा.
काही सापडलं नाही.
खरं सांगतो, थोडं चुकल्यासारखं झालं.

मुनाफला फोन लावला.
"रेघा? कसल्या रेघा?" तिकडे कोंबडी ओरडत होती.
"मी कधी गुळगुळीत केलंच नाय.
त्या शिडाच्या पायऱ्या मोजायचो मी.
पाचवी पायरी खांबाला लागली
की सुकाणू फिरवायचं. नऊ वर्षं
एकदा धक्क्याला घासलो नाय."

आता पाणी अखंड आहे, शीड सुरेख आहे,
आणि माझं गलबत दर फेरीला
साखरेसकट धक्क्यावर आदळतं.
यादगिरी वरून मोजतो. आज सात.